शीश्वांगबान्ना: वर्षावन आणि दाई लोकजीवन नीट पाहण्यासाठी प्रवासाची आखणी

चीनच्या युन्नान प्रांताच्या दक्षिण टोकाला, म्यानमार आणि लाओसच्या सीमांना लागून, शीश्वांगबान्ना हा दाई समाजाचा स्वायत्त विभाग आहे. चीनच्या एकूण भूभागापैकी जेमतेम ०.२ टक्के जागा व्यापणाऱ्या या विभागात त्या देशातील उष्णकटिबंधीय वर्षावनाचा सर्वांत समृद्ध पट्टा टिकून आहे, आणि त्याच डोंगरदऱ्यांत थेरवादी बौद्ध परंपरा जपणारा दाई समाज भातखाचरांच्या काठाने शतकानुशतके राहत आला आहे. दाई भाषेत या प्रदेशाला ‘सिप्सोंग पान्ना’ म्हणतात. ‘सिप्सोंग’ म्हणजे बारा, आणि ‘पान्ना’ म्हणजे भातशेतीच्या हिशोबाने आखलेला जुना महसुली विभाग.

येथे येणारे बहुतेक पर्यटक तीन दिवस जिंगहोंग या मुख्य शहरात काढतात, रात्रबाजारात छायाचित्रे काढतात, एखाद्या उद्यानातील नृत्याचा कार्यक्रम पाहतात आणि परततात. मोटारीच्या खिडकीतून दिसलेले हिरवेगार डोंगर म्हणजेच वर्षावन, अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात त्यांतले कित्येक डोंगर रबराच्या लागवडीचे असतात. खरे जंगल पाहायचे असेल, तर शहर सोडून पूर्वेकडे मेंगलुन आणि मेंगलापर्यंत जावे लागते, आणि दाई जीवन पाहायचे असेल, तर कार्यक्रम संपल्यावरही गावात थांबावे लागते. पुढील आखणी या दोन गोष्टी धरून केली आहे आणि तिला किमान सहा दिवस लागतात.

पहिला टप्पा: हंगामाची निवड

येथील हवामान मोसमी आहे. मे ते ऑक्टोबर पावसाळा आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ, अशी ढोबळ विभागणी आहे. वर्षाचा पाऊस साधारण १२०० ते १८०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या आंबोलीत पडणाऱ्या पावसाच्या एका लहान हिश्श्याइतका. एवढ्या पावसात वर्षावन कसे टिकते, हा प्रश्न सह्याद्री पाहिलेल्या माणसाला पडायलाच हवा. त्याचे उत्तर हिवाळ्यातील धुक्यात आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दऱ्यांमध्ये रात्री दाट धुके साठते, सकाळी उशिरापर्यंत रेंगाळते, आणि पानांवरून ठिबकणारे त्याचे पाणी कोरड्या महिन्यांत जंगलाला तगवते. म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. सकाळी गारवा असतो, तेव्हा एक स्वेटर जवळ असावा. दुपार मात्र उबदार आणि कोरडी असते.

मार्च आणि एप्रिलमध्ये उष्मा वाढतो, शिवाय आसपासच्या प्रदेशांत शेतजमिनी जाळल्याने आकाश धुरकट होते. दम्याचा किंवा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी हे महिने टाळलेले बरे. एप्रिलच्या मध्यावरील जलोत्सवासाठीच यायचे असेल, तर ही गैरसोय मान्य करूनच यावे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. पावसाळ्यात जंगल सर्वांत जिवंत असते, पण वाटा निसरड्या होतात आणि जळवा निघतात. पावसात सह्याद्री भटकणाऱ्यांना त्यांचे नवल नाही. पायमोज्यांत विजारीचे टोक खोचणे हा उपाय तेथेही तितकाच चालतो.

जळवांपेक्षा डासांची काळजी अधिक घ्यावी. चीन जून २०२१ मध्ये हिवतापमुक्त घोषित झाला असला, तरी शीश्वांगबान्नात डेंग्यूच्या साथी येऊन गेल्या आहेत. डास दूर ठेवणारे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे कोणत्याही हंगामात बरोबर असावेत.

दुसरा टप्पा: व्हिसा आणि पोहोचण्याचा मार्ग

भारतीय पासपोर्टधारकांना चीनचा व्हिसा आगाऊ काढावा लागतो. आग्नेय आशियातील देशांच्या पर्यटक गटांना शीश्वांगबान्नात व्हिसाशिवाय प्रवेशाची जी सवलत आहे, ती किंवा काही देशांच्या नागरिकांसाठी असलेली २४० तासांची थांबा-सवलत भारतीयांना लागू नाही. परदेशात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या पासपोर्टनुसार नियम स्वतंत्रपणे तपासावेत. एकाच कुटुंबात दोन वेगळे पासपोर्ट असतील, तर हे फार महत्त्वाचे ठरते.

प्रवासाचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे विमानाने कुनमिंग गाठणे आणि तेथून रेल्वेने शीश्वांगबान्ना स्थानकावर उतरणे. ३ डिसेंबर २०२१ रोजी चीन-लाओस रेल्वे सुरू झाली आणि हा प्रदेश एकदम जवळ आला. जलद गाडी कुनमिंगहून सुमारे सव्वातीन ते चार तासांत येथे पोहोचते. वाटेचा बराचसा भाग बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो. कुनमिंगहून विमानही आहे आणि ते तासाभरात जिंगहोंगलगतच्या गासा विमानतळावर उतरते. थायलंड-लाओसची सहल जोडायची असेल, तर व्हिएन्तियानहून येणारी आंतरराष्ट्रीय गाडी एप्रिल २०२३ पासून सुरू आहे. मात्र लाओसच्या व्हिसाची वेगळी तजवीज करावी आणि सीमेवरील दोन्ही तपासण्यांसाठी वेळ धरून चालावे.

रेल्वेचे तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघते आणि मूळ पासपोर्ट दाखवूनच स्थानकात प्रवेश मिळतो. तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात. चिनी नववर्ष, मे महिन्याचा पहिला आठवडा, ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि एप्रिलमधील जलोत्सव या दिवसांत ती पाहता पाहता संपतात.

तिसरा टप्पा: पैसे, फोन आणि घड्याळ

चीनमध्ये रोजचे व्यवहार मोबाईलवरून होतात, पण ते आपल्या यूपीआयवरून होत नाहीत. तेथे अलिपे आणि वीचॅट ही दोन ॲप चालतात आणि दोन्हींना परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते. अडचण अशी की, जून २०२० मध्ये भारताने बंदी घातलेल्या ॲपमध्ये वीचॅट होते, त्यामुळे भारतातून ते उतरवून घेण्याच्या भरवशावर राहू नये. अलिपे आपल्या फोनवर चालते का आणि त्याला कार्ड जोडले जाते का, हे निघण्यापूर्वी तपासावे. जमले नाही, तर वाटेतल्या विमानतळावर, भारताबाहेर पाऊल पडताच, ते काम उरकावे. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून ठेवण्यास अनेकजण विसरतात आणि पहिल्याच टॅक्सीच्या वेळी अडकतात. थोडी रोख रक्कम, शक्यतो लहान नोटांत, बरोबर असावीच. गावातल्या आजीबाईंकडून केळी घेताना तिचाच उपयोग होतो.

गूगल आणि व्हॉट्सॲप तेथील स्थानिक इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतीय सिमवरील रोमिंग घेतल्यास ही अडचण बहुधा येत नाही. नकाशासाठी आणि टॅक्सीसाठी मात्र चिनी ॲपच अचूक असतात. मुक्कामाचे नाव आणि पत्ता चिनी लिपीत लिहून घेतलेले कार्ड खिशात ठेवावे, कारण इंग्रजी जाणणारे चालक क्वचितच भेटतात.

आता घड्याळाविषयी. संपूर्ण चीनमध्ये एकच प्रमाणवेळ आहे आणि ती भारताच्या अडीच तास पुढे आहे. परंतु शीश्वांगबान्ना देशाच्या पश्चिमेकडे असल्याने तेथे सूर्य डोक्यावर यायला सव्वा वाजतो. डिसेंबरमध्ये आठच्या सुमारास सूर्योदय होतो. म्हणून ‘पहाटे सहाला जंगलात’ असा बेत आखल्यास काळोखात उभे राहावे लागेल, आणि संध्याकाळचा उजेड मात्र अपेक्षेपेक्षा उशिरापर्यंत पुरेल.

चौथा टप्पा: मार्ग एका रेषेत आखणे

नकाशावर जिंगहोंग, गानलानबा, मेंगलुन आणि मेंगला ही ठिकाणे पश्चिमेकडून पूर्वेकडे जवळपास एका ओळीत येतात. रोज जिंगहोंगला परतण्यापेक्षा या ओळीने पुढे सरकत जावे आणि शेवटी मेंगलाहून रेल्वेने तासाभराच्या आत परत यावे. पहिला दिवस जिंगहोंग, दुसरा गानलानबा, तिसरा व चौथा मेंगलुनचे वनस्पतिउद्यान, पाचवा मेंगलाजवळचे वांगथ्येनशू आणि सहावा परतीच्या वाटेवर जिंगहोंगच्या उत्तरेचे हत्तींचे खोरे, असा क्रम मला सर्वांत कमी धावपळीचा वाटतो.

गावांची नावे लक्षात ठेवण्यासाठी तीन दाई शब्द पुरतात. नावात ‘मान’ आले की ते खेडे, ‘मेंग’ आले की डोंगरांनी वेढलेले खोरे किंवा त्यातील जुने संस्थान, आणि ‘जिंग’ आले की तटबंदीचे शहर. थायलंडमधील च्यांग माई या नावातला ‘च्यांग’ आणि जिंगहोंगमधला ‘जिंग’ हा एकच शब्द आहे. ‘नान’ म्हणजे पाणी किंवा नदी. एवढे कळले की रस्त्यावरच्या पाट्या परक्या वाटत नाहीत.

पाचवा टप्पा: जिंगहोंगमधील एक दिवस

शहराच्या मधून लानछांग नदी वाहते. हीच पुढे लाओसमध्ये शिरल्यावर मेकाँग होते. सकाळी मानथिंग उद्यान पाहावे. दाई राजांची ही जुनी बाग असून १९६१ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी दाई लोकांसमवेत जिंगहोंगला जलोत्सव साजरा केल्याच्या स्मरणार्थ त्यांचा दाई वेशातील पुतळा येथे उभा आहे. बागेला लागूनच या विभागाचे मुख्य बौद्ध विहार आहे. उद्यानात लोकांची वर्दळ असते. विहारात तुलनेने शांतता मिळते.

विहाराच्या आवारात झाडांकडे लक्ष द्यावे, कारण येथेच मराठी माणसाला अनपेक्षित ओळख पटते. दाई परंपरेत विहाराभोवती ‘पाच झाडे आणि सहा फुले’ लावण्याची प्रथा आहे. झाडांमध्ये पिंपळ, सुपारी आणि ज्याच्या पानांवर पोथ्या लिहितात तो श्रीताड येतो. फुलांमध्ये कमळ, नागदवणा, पिवळा सोनटक्का, देवचाफा आणि सोनचाफ्याच्या कुळातला पांढरा चाफा येतो. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवळाच्या परसात सापडतील अशीच ही नावे आहेत.

संध्याकाळी गाओच्वांग भागातील रात्रबाजार पाहण्यास हरकत नाही. सोनेरी पॅगोडा, दिव्यांची रोषणाई आणि भाड्याने घेतलेल्या दाई राजकन्येच्या पोशाखात छायाचित्रे काढून घेणाऱ्या तरुणी हे तेथील मुख्य दृश्य असते. हा भाग अलीकडे पर्यटकांसाठी उभारलेला आहे, हे ध्यानात ठेवून दोन तास द्यावेत, त्याहून अधिक नाही. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवरील ‘आदिम अरण्य उद्यान’ हे अनेक सहलींच्या यादीत असते. तेथे मोरांचे थवे तळ्यावर उडवण्याचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. ते मोर मुख्यतः आपल्याकडचे निळे मोर असतात, तर युन्नानचा स्वतःचा हिरवा मोर आज दुर्मीळ झालेला आहे. वेळ मोजका असल्यास हे उद्यान वगळून तो दिवस मेंगलुनला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावा टप्पा: गानलानबा येथे दाई गावात मुक्काम

जिंगहोंगच्या आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवर, नदीकाठच्या सुपीक सपाटीवर गानलानबा आहे. तेथील ‘दाई उद्यान’ म्हणजे पाच जिवंत गावांना कुंपण घालून, प्रवेशशुल्क लावून १९९९ मध्ये सुरू झालेले पर्यटनस्थळ. हे ऐकून मन खट्टू होणे साहजिक आहे, परंतु गावे खरी आहेत. घरांत कुटुंबे राहतात, विहारात चीवरधारी मुले शिकतात, अंगणात भाज्या वाळत असतात. दुपारी ठरलेल्या वेळी चौकात पाणी उडवण्याचा रोजचा कार्यक्रम होतो. त्याच्या आगेमागे दोन तास गर्दी असते. शेवटची बस निघून गेली की गाव पुन्हा गावकऱ्यांचे होते. म्हणून येथे दुपारनंतर यावे आणि रात्री राहावे.

मुक्काम ठरवताना परदेशी पाहुण्यांची नोंद यजमान करू शकतील का, हे आधीच विचारावे. चीनमध्ये हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची पोलिसांकडे २४ तासांत नोंद होणे कायद्याने आवश्यक आहे, आणि प्रत्येक घरगुती निवासाला ती व्यवस्था जमत नाही.

दाई घर खांबांवर उचललेले असते. पूर्वी बांबूचे असे, आता बहुतेक लाकडाचे किंवा विटांचे, पण रचना तीच: खाली मोकळी जागा, वर राहणे. पायऱ्यांपाशी चपला काढाव्यात. चुलीला ओलांडून जाऊ नये, घरातील देवखांबाला टेकून बसू नये आणि यजमानांच्या निजायच्या खोलीत डोकावू नये. विहारातही पादत्राणे बाहेर ठेवावीत, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये आणि लहान श्रामणेरांच्या (शिकाऊ भिक्षूंच्या) डोक्यावरून कौतुकाने हात फिरवू नये. आपल्याकडे ती माया असते, तेथे तो अपमान ठरतो. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये किंवा त्यांच्या हातात थेट वस्तू देऊ नये.

मानछुनमान गावातील विहारात सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वंदनेला शांतपणे मागे बसता आले, तर ती संधी सोडू नये. पठण पाली भाषेत असते. महाराष्ट्रातील बौद्ध घरांत वाढलेल्यांना त्रिशरणाचे शब्द उच्चार थोडा वेगळा असला तरी ओळखू येतील. आषाढ पौर्णिमेपासून सुरू होणारा तीन महिन्यांचा वर्षावास येथेही पाळला जातो. त्या काळात लग्ने होत नाहीत आणि उत्सवी कार्यक्रम कमी असतात. धार्मिक जीवन जवळून पाहायचे असेल, तर हा काळ उलट चांगला आहे.

विहारांत जपलेल्या पोथ्या श्रीताडाच्या पानांवर लोखंडी कोरणीने अक्षरे कोरून आणि त्यांत काजळी भरून तयार केलेल्या असतात. त्यांची लिपीही ब्राह्मीच्या वंशातली आहे. दाई साहित्यात रामकथेचे स्वतःचे रूप असून तिचे नाव ‘लंकेचा दशमुखी’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे तेथे कथा रावणाच्या नावाने ओळखली जाते. एखादा वडीलधारा दाई गृहस्थ भेटला आणि भाषांतर करणारे कोणी बरोबर असले, तर या विषयावर गप्पा सहज सुरू होतात.

सातवा टप्पा: मेंगलुनचे वनस्पतिउद्यान, दोन दिवस

या साऱ्या प्रवासात एकच ठिकाण पाहायचे झाले, तर ते हे असावे. चिनी विज्ञान अकादमीचे हे उद्यान वनस्पतिशास्त्रज्ञ छाय शीताओ यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये सुरू झाले. ल्वोस्वो नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेल्या, भोपळ्याच्या आकाराच्या भूभागावर ते वसले आहे. क्षेत्र ११२५ हेक्टर आणि जोपासलेल्या वनस्पती १३ हजारांच्या आसपास, हे आकडे वाचूनच एक दिवस अपुरा का पडतो ते कळेल. प्रवेशशुल्क अलीकडच्या काळात ८० युआन होते. दुसऱ्या दिवशीचा प्रवेश त्यात येतो का, हे खिडकीवर विचारून घ्यावे. उद्यानाच्या आत आणि मेंगलुन गावात अशा दोन्ही ठिकाणी राहण्याची सोय आहे. शक्य असल्यास आत राहावे, कारण पक्षी सकाळी लवकर दिसतात आणि दिवसभरासाठी येणाऱ्या बसगाड्या दहानंतर पोहोचतात.

पहिला दिवस पश्चिम भागाला द्यावा. हा रचलेल्या बागांचा भाग आहे: ताडवर्गीय झाडे, बांबू, फळझाडे, फुलवेली, मोठ्या थाळ्यांसारखी पाने असणाऱ्या व्हिक्टोरिया कमळांचे तळे. अंतर मोठे असल्याने विजेवर चालणाऱ्या गाडीचे वेगळे तिकीट काढावे. सह्याद्रीतही आढळणारा, विषारी चिकासाठी कुप्रसिद्ध असलेला अँटिअॅरिस वृक्ष येथे आहे. याचा चीक पूर्वी बाणांच्या टोकांना लावत. जवळ जाऊन पाहण्यास हरकत नाही, साल मात्र खरवडू नये.

दुसरा दिवस पूर्व भागातील वर्षावनासाठी ठेवावा. येथे गाडी नसते, पायवाट असते आणि माणसे अचानक कमी होतात. जंगल वाचायला शिकण्यासाठी ही वाट उत्तम आहे. काही झाडांच्या बुंध्यांपासून भिंतींसारखी उभी, माणसाच्या उंचीहून मोठी मुळे फाकलेली दिसतात. वर्षावनातील माती वरवरच सकस असल्याने मुळे खोल जाण्याऐवजी पसरतात आणि उंच खोडाला आधार देतात. वडाच्या कुळातील झाडांनी दुसऱ्या झाडाला जाळीसारखे वेढून अखेर त्याला मारलेले दिसते. खोडावरच फुले-फळे धरणारी झाडे दाखवताना चिनी मार्गदर्शक नवल म्हणून थांबतात; फणस आणि उंबर अंगणात पाहिलेल्या आपल्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही, पण ते वर्षावनाचे लक्षण आहे, हे त्यांना येथे कळेल. पानांच्या लांबट टोकांकडेही पाहावे: पाणी पटकन निथळून जावे आणि पानावर शेवाळ धरू नये, म्हणून ती तशी असतात.

येथून निघताना रबराविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विभागाचा सुमारे पाचवा हिस्सा रबराच्या लागवडीखाली आहे. उद्यानाबाहेर पडल्यावर समोरच्या डोंगराकडे पाहून जंगल कोणते आणि लागवड कोणती, हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. लागवडीत सर्व झाडे एकाच उंचीची, उताराच्या कडेकडेने ओळीत असतात, खोडावर तिरका चर आणि खाली चीक गोळा करायची वाटी असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सारी पाने एकदमच पिवळी पडून गळतात. जंगलात शेंडे वरखाली असतात आणि एकही छटा शेजारच्या छटेसारखी नसते. पूर्व भागात दिवसभर फिरलेल्या माणसाला हा फरक चालत्या गाडीतूनही दिसू लागतो.

आठवा टप्पा: वांगथ्येनशू येथील उंच झाडे

मेंगलुनहून बसने किंवा टॅक्सीने मेंगला गाठावे; तेथून सुमारे २० किलोमीटरवर हे उद्यान आहे. ‘वांगथ्येनशू’ म्हणजे आकाशाकडे पाहणारे झाड. साठ-सत्तर मीटर उंच जाणारा हा वृक्ष आपल्या साल वृक्षाच्या कुळातला आहे. १९७० च्या दशकात त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि चीनमध्ये खरे उष्णकटिबंधीय वर्षावन आहे की नाही, या जुन्या वादात तो निर्णायक पुरावा ठरला, कारण हे कूळ म्हणजे आशियातील वर्षावनाची खूणच मानली जाते.

झाडांच्या मध्ये दोरखंड व जाळी बांधून केलेला, सुमारे ३६ मीटर उंचीवरचा झुलता मार्ग हे येथील आकर्षण आहे. पाय ठेवण्याची जागा अरुंद असते, पूल चालताना हलतो आणि एकदा वर गेल्यावर मधूनच मागे फिरता येत नाही. उंचीची भीती असणाऱ्यांनी, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी खालच्या पायवाटेनेच जावे. ती वाट कमी प्रतीची नाही. वरून शेंडे दिसतात, खालून खोडांची उंची कळते. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठपिशवी घ्यावी आणि सकाळी दार उघडताच पोहोचावे, कारण दुपारी झुलत्या मार्गावर रांग लागते व जोराचा पाऊस किंवा वीज असल्यास तो बंद ठेवतात.

नववा टप्पा: हत्तींचे खोरे

परतीच्या दिवशी जिंगहोंगच्या उत्तरेला ३०-४० किलोमीटरवरील यशांगगू, म्हणजे रानहत्तींचे खोरे, पाहता येते. याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. युन्नानमध्ये सुमारे ३०० रानटी आशियाई हत्ती उरले आहेत. येथून निघालेला कळप २०२१ च्या जूनमध्ये थेट कुनमिंगच्या परिसरापर्यंत गेला आणि ऑगस्टमध्ये परतला, ती बातमी अनेकांना आठवत असेल. खोऱ्यात जमिनीपासून उंचावरून जाणारी लाकडी वाट आहे, जंगलावरून जाणारा दोन किलोमीटर लांबीचा दोरमार्ग आहे, आणि २००८ पासून जखमी व अनाथ हत्तींसाठी चालणारे बचाव केंद्र आहे. रानहत्ती दिसतीलच असे नाही. ओढ्यावर ते कधी येतात, कधी आठवडाभर येत नाहीत. उंच वाट सोडून खाली उतरू नये. प्राण्यांचे खेळ दाखवणारे कार्यक्रम कोठेही असले, तरी त्यांना तिकीट काढून जाऊ नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जेवणाविषयी

दाई स्वयंपाक आंबट, तिखट आणि सुवासिक असतो, त्यामुळे चीनच्या इतर भागांपेक्षा तो आपल्याला लवकर रुचतो. गवती चहाच्या पातीने बांधून निखाऱ्यावर भाजलेला मासा, केळीच्या पानात गुंडाळून भाजलेल्या भाज्या, बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात, अननसात भरलेला भात, टोमॅटो भाजून व कुटून केलेली तिखट चटणी, केळफूल, नेचाचे कोवळे कोंब आणि नदीतल्या शेवाळाची कुरकुरीत पापडी हे पदार्थ जरूर चाखावेत. केळीच्या पानाचा तो करपट वास कोकणातल्या पानगीची आठवण करून देतो.

शाकाहारी मंडळींनी केवळ ‘मांस नको’ एवढे सांगून थांबू नये. भाजीवर डुकराची चरबी, खिमा किंवा माशाचा रस घालणे तेथे नेहमीचे आहे. मांस, मासे, चरबी, हाडांचे पाणी आणि अंडी यांपैकी काय चालत नाही, ते चिनी लिपीत लिहिलेले कार्ड दाखवावे. ‘वो छ सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे वाक्यही पाठ करावे. मांसाहारींनी कच्च्या मांसाचे पारंपरिक पदार्थ टाळावेत. पाहुण्याच्या पोटाला ते झेपतीलच असे नाही.

जलोत्सवाला यायचे असल्यास

दाई नववर्षाचा हा सण साधारण १३ ते १५ एप्रिलला येतो. त्याचे दाई नाव ‘सांगकान’ हे संस्कृत ‘संक्रांती’पासून आलेले आहे, आणि सूर्य मेष राशीत जातो तेव्हाच केरळात विशू व पंजाबात बैसाखी साजरी होते. पहिल्या दिवशी लानछांगवर नौकांच्या शर्यती होतात, बांबूचे अग्निबाण सोडले जातात, आणि शेवटच्या दिवशी सारे शहर एकमेकांवर पाणी उडवते. त्याआधी सकाळी विहारात बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने स्नान घालतात. सणाचा मूळ विधी हाच आहे आणि तो पाहायला पर्यटक फार थोडे येतात. पाण्याच्या दिवशी पासपोर्ट मुक्कामी सुरक्षित ठेवावा, फोन जलरोधक पिशवीत गळ्यात अडकवावा, आणि वृद्ध, भिक्षू व तान्ह्या मुलांवर पाणी फेकू नये. मुक्कामाचे दर या दिवसांत कितीतरी वाढतात, तेव्हा खोली दोन महिने आधी ठरवावी.

खरेदी

मेंगहाय परिसरातला पुअर चहा, हातमागावरचे दाई कापड आणि दाई स्त्रियांनी संथ फिरणाऱ्या चाकावर थापटून घडवलेली मातीची भांडी या तीन वस्तू घेण्याजोग्या आहेत. चहा ‘शेकडो वर्षे जुन्या झाडांचा’ म्हणून महागात विकला जातो. चव ओळखता येत नसेल, तर साधी, वेष्टनावर कारखान्याचे नाव व उत्पादनाचे साल छापलेली, दाबून केलेली चहाची चकती घ्यावी आणि दुकानात आधी उकळून चाखून पाहावी. हस्तिदंताची वस्तू कोणी दाखवली, तर ती हातातही घेऊ नये. २०१७ च्या अखेरीपासून चीनमध्ये तिचा व्यापार बंद आहे आणि भारतातही ती आणणे गुन्हा आहे. वनस्पतिउद्यानातून किंवा जंगलातून बिया, रोपे, ऑर्किडचे कंद उचलून आणू नयेत. भांडी घेतल्यास ती कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवावीत. मंद आचेवर भाजलेली असल्याने ती विमानाच्या सामानात टिकत नाहीत.